'पारंपरिक' म्हणजे नक्की कुणाचं?

हल्ली आपल्याकडे जगभरचं लोकसंगीत ऐकणारी मंडळी वाढलीत. चांगली गोष्ट आहे, हे आधीच सांगून टाकतो. मालीचा कोरा काय, मंगोलियातलं घशातून एकाच वेळी दोन सूर काढणारं गाणं काय, तालुक्याच्या गावात बसून मोबाइलवर ऐकता येतं. आमच्या लहानपणी आकाशवाणी लावेल तेच ऐकायचं. तेव्हा ऐका, भरपूर ऐका, शेअर करा. माझं भांडण आहे ते त्या गाण्याखाली लिहिलेल्या एका शब्दाशी. 'पारंपरिक'. आणि त्या शब्दामागोमाग हमखास येणाऱ्या कौतुकाच्या वाक्याशी: "संगीताला नाव-गाव नसतं हो!"

नसतं? बघूया.

१९३९ साली जोहान्सबर्गमध्ये सॉलोमन लिंडा नावाच्या झुलू गायकाने आपल्या संचाबरोबर 'म्बुबे' हे गाणं रेकॉर्ड केलं. म्बुबे म्हणजे सिंह. गाण्याचे हक्क गेले दहा शिलिंगांना. ती रेकॉर्ड अमेरिकेत लोकसंगीताचे संग्राहक अॅलन लोमॅक्स यांच्या हाती लागली, त्यांनी ती पीट सीगर यांना दिली. सीगर यांना 'उयिम्बुबे' हा शब्द 'विमोवे' असा ऐकू आला आणि त्यांच्या 'द वीव्हर्स' या संचाने तो तसाच गायला. पुढे १९६१ मध्ये इंग्रजी शब्द चढवून 'द लायन स्लीप्स टुनाइट' झालं आणि अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. १९९४ च्या 'द लायन किंग'मध्येही ते आहे. तुमच्या घरातल्या पोरांना ती चाल येते, विचारून बघा.

आता गंमत ऐका. वीव्हर्सच्या त्या गाण्यावर श्रेय होतं 'पॉल कॅम्पबेल' यांचं. असा माणूसच नव्हता, ते टोपणनाव होतं. म्हणजे नसलेल्या माणसाचं नाव छापायला जागा होती, असलेल्याचं छापायला नव्हती. लिंडा १९६२ साली गरिबीत वारला. थडग्यावर दगड बसवायलाही घरात पैसे नव्हते.

हे जगापुढे नीट आलं कधी? २००० साली. रायन मलान या दक्षिण आफ्रिकी पत्रकाराने कागदपत्रं उकरून 'रोलिंग स्टोन' मासिकात लांबलचक लेख लिहिला. एकट्या या गाण्याने दीड कोटी डॉलर कमावले असावेत, असा त्याचा अंदाज होता. मग लिंडाच्या मुली कोर्टात उभ्या राहिल्या. हाताशी आला तो १९११ चा ब्रिटिश कायदा: लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी हक्क वारसांकडे परत. २००६ साली तडजोड झाली. (पत्रकारितेने काय होतं, असं आम्हाला कट्ट्यावर रोज ऐकवणाऱ्यांसाठी ही ओळ.)

कुणी म्हणेल, लिंडाने गाणं स्वतः रचलं होतं, खरंखुरं पारंपरिक गाणं वेगळं. ठीक. सॉलोमन बेटांवरची अफुनाक्वा घ्या. १९७० च्या सुमारास संशोधक ह्यूगो झेम्प यांनी तिच्या आवाजात एक अंगाई ध्वनिमुद्रित केली. १९९२ मध्ये 'डीप फॉरेस्ट' या फ्रेंच जोडगोळीने तोच आवाज उचलून खाली ठेका टाकला आणि 'स्वीट लॅलबाय' जगभर गाजलं. अल्बमचा सगळा थाट आफ्रिकेतल्या पिग्मींचा. परिणाम असा, की १९९६ साली नॉर्वेच्या यान गारबारेक यांनी ती चाल वाजवली तेव्हा तिचं नावच 'पिग्मी लॅलबाय' ठेवलं. बाई प्रशांत महासागरातली, गाणं खपलं आफ्रिकेच्या नावावर! झेम्प यांनी त्याच वर्षी लेख लिहून जाहीर आक्षेप घेतला. तैवानच्या आमिस जमातीचे शेतकरी दिफांग यांचंही तेच. त्यांचा आवाज 'एनिग्मा'च्या गाण्यात आणि अॅटलांटा ऑलिंपिकच्या जाहिरातीत वाजला. नावासाठी त्यांना अमेरिकेत दावा लावावा लागला, तेव्हा १९९९ मध्ये समझोता झाला.

उलटंही घडतं, आणि कशामुळे घडतं ते बघा. १९५९ साली मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगात लाकडं फोडता फोडता गाणाऱ्या कैद्यांचं गाणं याच लोमॅक्सनी टिपलं. मुख्य गायकाचं नाव लिहून ठेवलं, जेम्स कार्टर. चाळीस वर्षांनी ते गाणं एका हॉलीवूड सिनेमात आलं, तेव्हा लोमॅक्स यांच्या संग्रहाच्या लोकांनी शिकागोत कार्टरना शोधून वीस हजार डॉलरचा चेक हातात दिला. वहीत नाव होतं म्हणून.

लांब कशाला जा. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. ओवीसोबत बाईचं नाव, तिचं गाव. ओवीइतकं पारंपरिक दुसरं काय असतं? तरी नाव लिहिता आलं.

कायदाही आहे बरं का. आपल्या कॉपीराइट कायद्यात 'कलाकार' कोण याची यादी आहे. गायक-वादकांबरोबर त्यात कसरतपटू आणि गारुडीसुद्धा आहे. चाल हजार वर्षांची असेना, आज तुमच्यासमोर ती गाणाऱ्या गोंधळ्याचा त्या गाण्यावर पन्नास वर्षं हक्क असतो. २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरात रॉयल्टीचा आणि कलाकार म्हणून नाव घेतलं जाण्याचा हक्कही दिला.

आणि आपण काय करतो? जत्रेत वासुदेवाचा व्हिडिओ काढायचा, कोपऱ्यात स्वतःच्या पेजचा लोगो चिकटवायचा, वर लिहायचं 'आपली लोप पावत चाललेली परंपरा'. अरे, लोप कसली पावते, समोर उभी राहून गातेय की! खिशात वीस रुपये टाकताना नाव विचारायला किती वेळ लागतो? पंधरा सेकंद. रील त्याहून मोठी असते.

आपल्या महोत्सवांच्या पत्रिका काढून बघा. प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, स्वागतोत्सुक, निमंत्रक, सगळे फोटोसकट. खाली बारीक अक्षरात 'लोककलावंत व संच'. यात्रांचा हंगाम येतोय, पत्रिका छापायला जातील. समित्यांच्या दादांना जाहीर विनंती: संबळ कोण वाजवणार, तुणतुण्यावर कोण, गाणार कोण, गाव कुठलं, हे छापा. जागा पुरत नाही म्हणत असाल, तर स्वागतोत्सुकांमधले चार फोटो काढा. कुठले चार, ते मी सांगतो.