अकरावीचे बोर्ड निवडताना घड्याळ पाहा

दहावीचा निकाल लागला की पिंपळे गुरवमधल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला किंवा मुलीला अभियांत्रिकीला जायचे आहे, मग अकरावी-बारावी ‘स्टेट बोर्डा’तून करायची की सीबीएसईतून? पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत आयुष्य गेलेली एक पिढी आणि हिंजवडीत नोकरीला जाणारी दुसरी पिढी इथे एकाच सोसायटीत राहते. पहिलीला राज्य मंडळ आपले वाटते, दुसरीला सीबीएसई पुढचे वाटते. त्यामुळे चर्चा लवकरच प्रतिष्ठेवर घसरते: कोणते बोर्ड ‘कठीण’, कोणते ‘मार्क देणारे’, कुठल्या मुलांचे इंग्रजी चांगले. या सगळ्याचा अभियांत्रिकीच्या प्रवेशाशी आज फारच थोडा संबंध उरला आहे. अकरावी-बारावीच्या मुलाकडे मर्यादित असलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वेळ. जून ते पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी, असे साधारण दोन हंगाम. कोणते बोर्ड या वेळेतला किती वाटा वाया घालवते आणि किती वाचवते, एवढ्यावरच निवड व्हावी, असे माझे म्हणणे आहे.

बोर्डाची एवढी धास्ती आली कुठून, हे आधी पाहू. एके काळी ती खरी होती. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते. महाराष्ट्राने २०१४ आणि २०१५ मध्ये आपली सीईटी बाजूला ठेवून अभियांत्रिकीचे प्रवेश जेईई मेन आणि बारावी या दोन्हींच्या आधारे दिले. तेव्हा कोणते बोर्ड किती सैल हाताने गुण देते, याने खरोखरच फरक पडत होता आणि पालकांनी बोर्डाचा विचार करणे शहाणपणाचे होते. पुढे २०१६ मध्ये राज्यातले प्रवेश पुन्हा एमएचटी-सीईटीवर आले आणि २०१७ पासून जेईई मेनच्या यादीतून बारावीचे वजन गेले. आता बारावीचे गुण उंबरठ्यापुरते उरले आहेत. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित या गटात खुल्या वर्गाला ४५ आणि राखीव वर्गांना ४० टक्के लागतात. एनआयटी आणि आयआयटीसाठी ७५ टक्के, नाहीतर आपल्या बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असणे पुरते. ही २० पर्सेंटाइलची रेषा प्रत्येक बोर्डासाठी वेगळी काढली जाते, म्हणजे हात आखडून गुण देणाऱ्या बोर्डाच्या मुलाचेही नुकसान होऊ नये याची सोय नियमातच आहे. परीक्षेचा साचाही जवळपास सारखाच आहे: दोन्हीकडे भौतिक आणि रसायनला ७० लेखी व ३० प्रात्यक्षिक, गणिताला ८० आणि २०. नियम बदलून इतकी वर्षे झाली, धास्ती मात्र तशीच राहिली.

मग फरक उरतो कुठे? तो प्रवेशाच्या दारात आहे. पिंपळे गुरवमधून अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलांची नेहमीची ठिकाणे डोळ्यांसमोर आणा: निगडी, आकुर्डी, पिंपरी, ताथवड्याची महाविद्यालये आणि गुण चांगले पडले तर शिवाजीनगरचे सीओईपी, जे २०२२ मध्ये तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. यांतल्या बहुतांश जागांची किल्ली एमएचटी-सीईटीकडे आहे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांतला अखिल भारतीय कोट्याचा छोटा वाटा जेईई मेनकडे जातो. एमएचटी-सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर चालते. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या ठरलेल्या प्रकरणांवर आणि सुमारे ८० टक्के बारावीवर असतात. तीन तासांत १५० प्रश्न सोडवायचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. गणिताच्या प्रश्नाला दोन गुण, बाकी दोन विषयांना एक. जेईई मेनमध्ये तेवढ्याच वेळात ७५ प्रश्न असतात, उत्तर चुकले की एक गुण जातो आणि अकरावी-बारावी दोन्ही तितकीच महत्त्वाची असतात. एका परीक्षेला वेग लागतो, दुसरीला थांबून केलेला विचार. मुलाने नेमके कोणत्या दारावर उभे राहायचे, हे न ठरवता बोर्ड निवडणे म्हणजे कुठे जायचे ते न सांगता तिकीट काढणे.

दोन्ही बोर्डांची बारावीची पुस्तके शेजारी ठेवली की वेळेचा मुद्दा स्पष्ट दिसतो. विषय बहुतांशी तेच आहेत. ते शिकवायचे वर्ष मात्र वेगळे आहे. राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रात सोळा प्रकरणे आहेत. त्यांतली पहिली सहा, म्हणजे रोटेशनल डायनॅमिक्स, प्रवाहींचे गुणधर्म, वायूंचा गतिज सिद्धांत, ऊष्मागतिकी, दोलने आणि तरंग, ही सीबीएसईचा विद्यार्थी अकरावीतच उरकतो. उलट आरसे-भिंगांचे प्रकाशशास्त्र राज्य मंडळात अकरावीला येते, सीबीएसईत बारावीला. रसायनात आयनिक समतोल आणि ऊष्मागतिकी पुन्हा राज्य मंडळात बारावीला, सीबीएसईत अकरावीला. सॉलिड स्टेट आणि पॉलिमर ही प्रकरणे राज्य मंडळाच्या बारावीत आहेत, तर सीबीएसईने ती अलीकडच्या कपातीत काढून टाकली. गणितात मॅथेमॅटिकल लॉजिक, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स आणि बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन राज्य मंडळाच्या बारावीत आहेत, सीबीएसईच्या बारावीत नाहीत. आता सीईटीचे ८० टक्के आठवा. सीबीएसईच्या मुलाला बारावीच्या ऐन धावपळीत, बोर्डाची परीक्षा वेगळ्या प्रकरणांवर असताना, अकरावीची सहा प्रकरणे पुन्हा वर काढावी लागतात आणि न शिकवलेली काही प्रकरणे क्लासच्या नोट्सवरून करावी लागतात. राज्य मंडळाच्या मुलाची बोर्डाची तयारी हीच सीईटीची निम्मी तयारी असते. हुशारीचा इथे प्रश्न नाही. एकाच अभ्यासाने दोन परीक्षा होतात की दोन परीक्षांसाठी दोनदा अभ्यास करावा लागतो, एवढाच प्रश्न आहे. याच रचनेमुळे अकरावी एका बोर्डातून आणि बारावी दुसऱ्यातून करणे सर्वांत घातक ठरते. काही प्रकरणे दोनदा शिकली जातात, काही एकदाही नाही.

यावर पहिला आक्षेप तयारच असतो: जेईई एनसीईआरटीच्या पुस्तकांवर चालते, मग सीबीएसईच बरे नाही का? आक्षेपात तथ्य आहे. ज्या मुलाची दहावी सीबीएसईतून झाली आहे, ज्याचा गणिताचा पाया पक्का आहे आणि ज्याला खरोखरच एनआयटी-आयआयटीकडे जायचे आहे, त्याने त्याच वाटेवर राहावे. त्याच्या बाबतीत वेळेचा हिशेब सीबीएसईच्या बाजूने पडतो. पण या कारणासाठी राज्य मंडळाच्या मुलाने बोर्ड बदलावे, हे पटत नाही. राज्य मंडळाने २०१९ मध्ये अकरावीची आणि २०२० मध्ये बारावीची पुस्तके बदलली; सीईटीच्या या तीन विषयांची काठिण्यपातळीही जेईई मेनच्या तोडीची ठेवण्याचे धोरण आहे. एनसीईआरटीची पुस्तके कोणालाही विकत घेता येतात, संकेतस्थळावर फुकट मिळतात. ती वाचण्यासाठी बोर्ड बदलावे लागत नाही. शिवाय मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला सीईटीत भौतिक आणि रसायनाचे प्रश्न मराठीतूनही मिळतात, जेईई मेनही मराठीत देता येते. याच शहरात निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगला २०२१ मध्ये मराठीतून संगणक अभियांत्रिकी शिकवायला परवानगी मिळाली, हेही विसरू नये. भाषेच्या भीतीने बोर्ड बदलणाऱ्या घरांनी आधी या सोयी तपासाव्यात.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. वेळच वाचवायचा असेल, तर बोर्ड नावापुरते ठेवून पूर्ण वेळ क्लासला जावे, मग ते ‘इंटिग्रेटेड’ कॉलेज असो की ‘डमी’ शाळा. वेळेचा युक्तिवाद ताणला की तो इथेच येऊन पोहोचतो, हे मान्य. पण इथे वाचलेला वेळ फसवा आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्याच सहामाहीत हाताला व्हर्निअर, मीटर ब्रिज, टायट्रेशन यांची सवय लागलेली असावी लागते. ३० गुणांचे प्रात्यक्षिक ही त्याची एकमेव तालीम आहे. क्लास उत्तर शोधायला शिकवतो, प्रयोगशाळा चूक मोजायला शिकवते. पुण्या-चाकणच्या कारखान्यांना दुसऱ्या प्रकारची माणसे लागतात. धोका कागदोपत्रीही आहे. राज्य सरकारने २०१८ मध्ये पुण्यासह काही विभागांत अकरावी-बारावी विज्ञानासाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच प्रकारामुळे. सीबीएसईने नोव्हेंबर २०२४ मध्ये डमी विद्यार्थ्यांच्या कारणावरून दिल्ली आणि राजस्थानातल्या २१ शाळांची संलग्नता काढली. उंबरठ्याचे ७५ टक्के आणि २० पर्सेंटाइलची रेषा ही दोन्ही हुकली, तर जेईईचा उत्तम क्रमांकही एनआयटीचे दार उघडत नाही. कॅम्पस मुलाखतींच्या वेळी दहावी, बारावी आणि पदवी अशा तिन्ही ठिकाणी साठ टक्के मागणाऱ्या कंपन्या असतातच. बारावीचे वजन गेले म्हणजे बारावी गेली असे नाही.

तिसरा आक्षेप अलीकडचा आहे: राज्य मंडळच आता सीबीएसईच्या वळणावर जाणार आहे, मग आजच तिकडे का जाऊ नये? हा बदल २०२५-२६ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. अभ्यासक्रम बदलाच्या वर्षात पुस्तके उशिरा येतात, शिक्षक नव्याने शिकतात, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. ज्याची दहावी आता झाली आहे, त्याने आजची पुस्तके, आजची सीईटी आणि आजचे नियम यांवर निर्णय घ्यावा. धाकट्या भावंडाचा विचार त्याच्या वेळी करता येईल.

थोडक्यात, पिंपळे गुरवमधल्या बहुतेक घरांसाठी, म्हणजे राज्यातल्याच चांगल्या महाविद्यालयाकडे डोळे लावलेल्या मुलांसाठी, राज्य मंडळाची अकरावी-बारावी हा वेळ वाचवणारा पर्याय आहे. अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात तो पैशांनीही हलका पडतो. पण हे विधान एका अटीवर उभे आहे: महाविद्यालयात तास खरोखर झाले पाहिजेत. ही अट मोडली, तर बोर्डाचा सगळा फायदा संपतो. आपली चर्चा याच अटीकडे दुर्लक्ष करते. केंद्रीय ऑनलाइन प्रवेशाचा अर्ज भरताना पालक मोठ्या नावाची पुण्यातली महाविद्यालये वर टाकतात. मेट्रोमुळे कासारवाडी किंवा नाशिक फाट्याहून शिवाजीनगर जवळ आले, हे खरे. तरी घरून निघून वर्गात बसेपर्यंत आणि परत येईपर्यंत रोजचे दोन तास सहज जातात. वर्षाला दोनशे दिवस धरले, तर दोन वर्षांत आठशे तास होतात. बोर्डांमधल्या कोणत्याही फरकापेक्षा हा आकडा मोठा आहे.

म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी सांगवी, पिंपळे सौदागर, पिंपरी, निगडी इथल्या महाविद्यालयांत स्वतः जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. बारावीच्या भौतिकशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक आहे का? आठवड्याला प्रत्यक्ष किती तास होतात? प्रयोगशाळेत एका टेबलावर किती मुले उभी असतात? मागच्या वर्षी अभ्यासक्रम कोणत्या महिन्यात संपला? ही माहिती खरे तर प्रवेशाच्या संकेतस्थळावर प्रत्येक महाविद्यालयाच्या नावासमोर जाहीर असायला हवी. तिथे आज आधीच्या वर्षीचा कटऑफ मिळतो, आणि कटऑफ सांगतो तो फक्त आत येणाऱ्या मुलांचा वकूब. आत आल्यावर त्यांच्या दोन वर्षांचे काय होते, हे शिक्षण विभागाने छापायला सुरुवात केली, तर स्टेट की सीबीएसई हा प्रश्न बऱ्याच घरांत विचारावाच लागणार नाही.