‘लॅग’ आला म्हणजे नेमके काय आले?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा नववीतला भाचा आमच्याकडे राहायला आला होता. दिवसातून दहा वेळा आतल्या खोलीतून आरोळी येई, “मामा, लॅग आला!” चित्र अडखळले की लॅग, नेम चुकला की लॅग. एकदा जेवायला उशीर झाला, तर तोही लॅगच! शेवटी मी विचारले, “अरे, लॅग म्हणजे काय?”

“खेळ अडकतो.”

“कुठे अडकतो?”

याला उत्तर नव्हते. घरी मात्र याच लॅगपायी त्याने नव्या, महागड्या फोनचा हट्ट धरला होता.

आता असे पाहा. पडद्यावर दिसते ती खरी हालचाल नव्हे. ती स्थिर चित्रांची रांग असते. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे सरकतात, फोनवरच्या खेळात बहुधा ३० किंवा ६०. या संख्येलाच तुम्ही ‘एफपीएस’ म्हणता. (नेमबाजीच्या खेळांच्या एका प्रकारालाही हेच नाव आहे, ते निराळे.) सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एक चित्र रचायला यंत्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम उरकले नाही, की चित्र अडखळते. हा दोष फोनचा.

‘पिंग’ची गोष्ट वेगळी. पाणबुडी शोधणारे सोनार यंत्र ध्वनीचा ठोका सोडते आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजते. माइक म्यूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ साली संगणकांच्या जाळ्यात असेच संदेश पाठवून उत्तराचा वेळ मोजणारा प्रोग्रॅम लिहिला आणि सोनारच्या त्या आवाजावरून त्याचे नाव ‘पिंग’ ठेवले. तुमच्या खेळातला पिंग म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ.

समजा, सर्व्हर सिंगापूरला आहे. मुंबईपासून सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन ७,८०० किलोमीटरना ३९ मिलिसेकंद लागणारच. केबल वळणे घेत जाते, वाटेत यंत्रे थांबवतात, तो वेळ आणखी वर. जगातला सर्वांत महाग फोन आणला, तरी हे ३९ कमी व्हायचे नाहीत!

भाच्याला मी एक वही दिली. त्याच्या खेळात दोन्ही आकडे पडद्याच्या कोपऱ्यात दिसत. ते सकाळ-संध्याकाळ लिहायचे, एवढेच काम. तीन दिवसांत चित्र स्पष्ट झाले. एफपीएस ६० च्या आसपास ठाम. पिंग मात्र सकाळी ५०, आणि संध्याकाळी घरातले सगळे व्हिडिओ पाहायला बसले की १८०. फोन निर्दोष सुटला. माझ्या बहिणीचे काही हजार रुपये वाचले, हे वेगळेच.

शिक्षक बंधुभगिनींनो, या शब्दांना आपण नाक मुरडतो ते मला पटत नाही. मुले दिवसभर खेळत बसतात याचा राग मलाही येतो. पण त्या रागात त्यांच्या तोंडचे शब्द का टाकून द्यावेत? १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी पाहुण्यांसाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. हे गृहस्थ भौतिकशास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्या चेंडूला गुरुत्वही होते, उसळीही होती.

किंवा ‘हिटबॉक्स’ घ्या. गोळी अंगाला लागलेली दिसते, पण खेळ ती मोजत नाही. कारण हिशेब होतो तो पात्राभोवती कल्पिलेल्या, न दिसणाऱ्या साध्या ठोकळ्यांचा. केस, झगा, उपरणे यांचा नव्हे. आम्ही वर्गात मालगाडीला ‘बिंदुवत वस्तुमान’ मानतो, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा मुले हसतात, इथे चिडतात.

सुट्टी संपण्याच्या आदल्या दिवशी भाच्याने विचारले, “मामा, मग समोरचा खेळाडू मला दिसतो, तिथे तो आत्ता खरोखर असतो का?”

नसतो. त्याची बातमी आधी सर्व्हरला जाते आणि तिथून तुमच्याकडे येते. दोघांचाही पिंग १८० धरला, तर जाण्याचे ९० आणि येण्याचे ९०, मिळून १८० मिलिसेकंदांची ती शिळी बातमी. मधल्या वेळात तो कुठे पोहोचला असेल याचा अंदाज पुष्कळ खेळ बांधतात, पण तो अंदाजच. सेकंदाला ५ मीटर वेगाने पळणारा माणूस तेवढ्यात किती सरकेल, हे गणित मी त्याच्यावरच सोपवले. त्याने वहीच्या मागच्या पानावर ते केले. उत्तर आले ९० सेंटिमीटर.

“म्हणजे माझा नेम बरोबर होता!” तो ओरडला. निदान काही वेळा तरी, मी म्हणालो.