सोसण्याला पुण्य म्हणू नये

ओटीपोटातील जुनाट दुखणे हे आमच्या घराघरांतले मुके दुखणे आहे. सहा-सहा महिने न हटणारी ही वेदना ‘बायकांचे भोग’ म्हणून सोडून दिली जाते. पुरुषांनाही ती छळते, पण संकोच त्यांना बोलू देत नाही. मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली असा सिद्धांत मांडला की, मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असते आणि स्पर्शाच्या संवेदनेने ते काहीसे लोटता येते. त्वचेवर पट्ट्या चिकटवून सौम्य विद्युत्स्पंद देणारे ‘टेन्स’ हे छोटे यंत्र याच तत्त्वावर आधारलेले आहे. पाळीच्या वेदनेत त्याचा गुण अभ्यासांत दिसला आहे. ओटीपोटाच्या इतर दुखण्यांत पुरावा अद्याप तोकडा आहे. शिवाय यंत्राने वेदना शमते, मूळ रोग बरा होत नाही. तेव्हा एंडोमेट्रिओसिससारखे कारण आधी शोधलेच पाहिजे. पेसमेकर बसविलेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी तर वैद्यकीय सल्ल्यावाचून त्याला हातही लावू नये. म्हणूनच हे साधन दुकानदारांच्या भरवशावर न सोडता सत्तरीपासून काणकोणपर्यंतच्या आरोग्य केंद्रांत, जाणकारांच्या देखरेखीखाली मिळावे, असे आम्हांस वाटते. मात्र ‘दुखते’ म्हणणाऱ्या सुनेचे म्हणणे घरात प्रथम ऐकले जाईल, तेव्हाच ती त्या केंद्राची पायरी चढू शकेल.