एक वेगळी कढई



मागच्या हिवाळ्यात सहावीची सहल असीरगडाला गेली होती. गड चढून उतरून मुले दमली आणि गावात परतल्यावर सर्वांनी एकच धोशा लावला, की आता डबा नको, नूडल्स आणि पिझ्झा हवा. बाईंनी फोन केला आणि परवानगी आम्हीच दिली. एकेचाळीस मुले एका फास्ट फूडच्या दुकानात शिरली. त्यांतील एका मुलीला सीलिएकचा आजार आहे, म्हणजे गहू, मैदा, रवा, जव यांतील काहीही पोटात गेले तर तिच्या आतड्याला इजा होते. तिने आईने शिकवल्याप्रमाणे काउंटरवर विचारले, "भैया, इसमें गेहूँ तो नहीं है ना?" त्याने आत्मविश्वासाने सांगितले, "नहीं बेटा, गेहूँ बिल्कुल नहीं, मैदा है."

हे ऐकून सोबतच्या बाईंना हसू आले, पण मुलीला आले नाही. तिने मग फ्रेंच फ्राइज मागवले. बटाटा तो बटाटाच, असे बाईंनाही वाटले आणि आम्हालाही वाटले असते. ते बटाटे ज्या तेलात तळले, त्याच तेलात समोसे आणि स्प्रिंग रोल तळले जात होते. रात्री मुलीच्या पोटात दुखू लागले, उलट्या झाल्या, दोन दिवस ती शाळेत आली नाही. तिच्या आईने तक्रार केली नाही. "सर, सवय आहे आम्हाला," एवढेच त्या म्हणाल्या. हे वाक्य आम्हाला तक्रारीपेक्षा जास्त लागले. दुकानातल्या त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आम्हाला मात्र प्रवेशाच्या वेळीच लेखी सांगितले होते.

त्यानंतर आम्ही या विषयावर थोडे वाचले, डॉक्टरांना विचारले. सीलिएक ही साधी अ‍ॅलर्जी नव्हे. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते, मग अन्न अंगी लागत नाही, मूल खुरटते, रक्त कमी होते. औषध नाही, जन्मभर ग्लुटेन सोडणे हाच उपाय. आणि सोडणे म्हणजे पूर्ण सोडणे. इटलीतील डॉक्टरांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर रुग्णांच्या आतड्यात बिघाड दिसला. पावाच्या एका लहानशा चुऱ्यात एवढे ग्लुटेन सहज असते. मुलीच्या आईने ज्वारी दळायला गिरणीत नेणे बंद करून घरघंटी का घेतली, ते आम्हाला तेव्हा कळले. गिरणीत आधी गहू दळलेला असतो.

हा परदेशी लोकांचा आजार, असे आपल्याकडे अनेकजण समजतात. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत त्या भागात साधारण शंभरात एकाला तो आढळला. दक्षिणेत, जिथे भात जास्त, तिथे फार कमी. आपण मध्ये आहोत, आणि दिवसेंदिवस गव्हाकडे झुकत आहोत. आमच्या आजीच्या घरी रोज दादर ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी असे. पोळी सणाला किंवा पाहुणा आला तर. आजच्या डब्यांत भाकरी शोधावी लागते.

आपल्या गावाला जवळची वाटेल अशी एक गोष्ट वाचनात आली. या आजाराचे कारण ग्लुटेन आहे हे कळण्यापूर्वी, १९२४ मध्ये, न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास अशा मुलांना केळी खायला देत आणि ब्रेड, बिस्किटे, बटाटे बंद करीत. मुले सुधारत. केळ्यातच काही गुण आहे असे त्यांना वाटले. खरे तर गुण ब्रेड बंद केल्याचा होता. ते पुढे हॉलंडच्या डॉक्टर डिके यांनी दाखवून दिले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे पाव मिळेनासा झाला तेव्हा लोक उपाशी होते, पण ही मुले बरी राहिली. पाव परत आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. तापीकाठच्या केळीवाल्या गावाने हास यांच्या चुकीबद्दल त्यांना सहज माफ करावे!

आता आपल्या बाजाराकडे पाहू. दराबा रव्याचा, मांडे मैद्याचे. ते तर उघडच आहे. मावा जिलबी नावाने माव्याची, पण मावा बांधण्यासाठी कोणी मैदा घालतो, कोणी आरारूट, आणि कढईजवळ उभे राहून विचारल्याशिवाय कळत नाही. सकाळचे पोहे चांगले, मात्र शेजारीच जिलबी तळणारा तोच माणूस त्याच हाताने पोह्यांवर शेव टाकतो. डोसा, इडली तांदूळ-उडदाची, पण सांबारात हिंग पडतो आणि बाजारातील बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो. मंचुरियनच्या गोळ्यांत मैदा, सोया सॉसमध्ये गहू, पाणीपुरीची पुरी रव्याची, आइस्क्रीमचा कोनही मैद्याचा. कपात घेतलेले बहुधा चालते. मोठ्या कंपन्यांकडेही सगळे सरळ असते असे नाही. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सने २००६ मध्ये जाहीर केले, की त्यांच्या फ्रेंच फ्राइजच्या चवीच्या मिश्रणात गव्हापासून काढलेला घटक आहे. तोवर अनेक रुग्ण ते निर्धास्त खात होते.

आपल्याकडे २०२० च्या नियमांप्रमाणे दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थांतील अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यायची आहे, आणि "ग्लुटेनमुक्त" लिहायचे तर प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. हे उत्तम. परंतु आपली मुले खातात ती दुकाने एकाच शाखेची, गल्लीतली. तिथे नियम पोहोचत नाही. तिथे फक्त ग्राहकाचा शब्द चालतो.

दुकानदार म्हणतात, "सर, एका गिऱ्हाइकासाठी वेगळी कढई कशी ठेवणार?" आम्हाला हे पटत नाही. याच गावात एकादशीला, महाशिवरात्रीला साबुदाणा वड्याची कढई वेगळी असते की नाही? तेल ताजे, झारा वेगळा, मीठसुद्धा सैंधव. उपवासाच्या वड्याला चुकून कांदाभजीचा झारा लागला तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेईल, हे प्रत्येक हलवायाला ठाऊक आहे. प्रत्येक मेनूकार्डावर जैन पावभाजी असते. कांदा-लसणाचा स्पर्श नको म्हटले की तवासुद्धा वेगळा घेतला जातो, कोणी का म्हणून विचारत नाही. वेगळेपण पाळण्याची विद्या आपल्या हलवायांना शिकवायची गरजच नाही. श्रद्धेसाठी जे आपण आनंदाने करतो, ते एका लेकराच्या आतड्यासाठी करायला काय हरकत आहे?

हल्ली शहरांत वजन कमी करण्यासाठीही काहीजण ग्लुटेन सोडतात. ती त्यांची मर्जी. पण असे लोक हॉटेलात "ग्लुटेन फ्री द्या" म्हणतात आणि शेवटी चमचाभर गुलाबजाम चाखतात, तेव्हा वेटरला वाटते, हे सगळे असेच असते. खऱ्या रुग्णाचे नुकसान तिथे होते. आणखी एक: मुलाला शंका आली म्हणून घरच्या घरी गहू बंद करू नका. आधी डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घ्या. गहू बंद केल्यावर तपासणी खरे सांगत नाही.

आम्ही त्या मुलीसाठी एक कार्ड तयार केले. दुकानदारांची भाषा हिंदी म्हणून हिंदीत लिहिले, आणि आमचे शिक्षणच हिंदी माध्यमात झाल्याने ते मराठीपेक्षा लवकर जमले, हे कबूल करतो. त्यात गहू, आटा, मैदा, सूजी, रवा, दलिया, जौ ही सगळी नावे वेगवेगळी लिहिली, कारण मैदा म्हणजे गहूच, हे गृहीत धरता येत नाही. खाली लिहिले: नया तेल, अलग कढ़ाई, अलग झारा. शाळेच्या कँटीनमध्ये ते भिंतीवर लावले आहे. वाढदिवसाला केक-बिस्किटांऐवजी शेंगदाणा चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू पाठवावेत, अशी विनंती आहे. सत्यनारायणाच्या शिऱ्याचे काय करावे, यावर शिक्षकांच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. एका बाईंनी केळ्याचा प्रसाद सुचवला आणि वाद तिथेच संपला.

पुढच्या सहलीसाठी आम्ही त्या मुलीला विचारले, की तुझ्यासाठी दुकानात आधी सांगून वेगळे ताट करवून घेऊ का? ती म्हणाली, "वेगळं ताट नको सर. सगळ्यांना साबुदाणा वडा चालतो का, ते विचारा ना."

विचारले. चाळिसांपैकी सदतीस मुलांना चालतो. तिघांना नूडल्सच हवेत.