विश्लेषण : परभणीची गाडी बर्फात का फसते?

नाताळच्या सुट्टीत घरची गाडी काढून थेट मनाली गाठायचे, असा बेत आता परभणीसारख्या जिल्ह्यांतूनही आखला जातो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांग खिंड न चढता हिवाळ्यातही लाहौलला जाणे शक्य झाले. रस्ता सोपा झाला. बर्फ मात्र होता तसाच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार वाहने अडकली आणि पोलिसांना पर्यटकांची सुटका करावी लागली.

गाडी घसरते कशामुळे?

परभणीच्या चालकाला याचे उत्तर घराजवळच सापडेल. पावसाळ्यात पाणंद रस्त्यावरची काळी माती टायरला पकड देत नाही. ब्रेक दाबला की गाडी आडवी होते, एक्सिलेटर दिला की चाक जागीच फिरते. बर्फाचेही तेच. फरक एवढाच, की चिखल डोळ्यांना दिसतो. गोठलेला रस्ता नुसता ओला वाटतो. तिथे गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापटीपर्यंत अंतर लागू शकते. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण नसलेली पकड आणूही शकत नाही. पूल आणि सावलीतली वळणे आधी गोठतात.

चालवावी कशी?

उतारावर खालचा गिअर, ब्रेक व स्टिअरिंगवर हलका हात आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. साखळ्या इंजिनाचा जोर मिळणाऱ्या चाकांना लावायच्या. बहुतेक घरगुती गाड्यांत ती पुढची असतात. ‘फोर बाय फोर’ गाडी चढते सहज, पण थांबताना तीही घसरते.

निघण्यापूर्वी काय पाहावे?

आपल्याकडे उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये सर्रास नळाचे पाणी ओतले जाते. शून्याखाली ते गोठून फुगते आणि इंजिन तडकू शकते. म्हणून योग्य प्रमाणातले कुलंट हवेच. कडाक्याच्या थंडीत साधे डिझेलही घट्ट होते. रात्री हँडब्रेक गोठू शकतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावणे बरे.

अडकल्यास खरा धोका कोणता?

केवळ थंडी नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक जणांचा जीव गेला. सायलेन्सर बर्फाने बुजला आणि हीटरसाठी इंजिन सुरू राहिले, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. झोपेतच माणूस दगावतो. सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढणे, इंजिन थोडा वेळच चालवणे आणि काच किंचित उघडी ठेवणे, एवढे भान जीव वाचवते.

मग जाऊच नये का?

जावे, पण बर्फ पडू लागल्यावर घरची गाडी मनालीत उभी करून स्थानिक चालकाची गाडी करावी. जवळपास दोन हजार किलोमीटर आलो म्हणून पोलिसांच्या नाक्यावर हुज्जत घालण्यात शहाणपण नाही. पुलावरून पाणी वाहत असले, की पलीकडे घर दिसत असूनही जाणता माणूस अलीकडेच थांबतो. गोदाकाठचा हा शहाणपणा बर्फातही सोबत न्यावा.