उन्हाळ्यातली नाटके

मुलांनो, एप्रिल महिन्यात तुमची वार्षिक परीक्षा संपते, शाळेला सुट्टी लागते आणि मुंबईच्या मराठी वर्तमानपत्रांतील नाटकांच्या जाहिराती बदलतात. एरवी तिथे मोठ्या माणसांची नाटके असतात. मे महिन्यात मात्र राक्षस, चेटकीण, राजकन्या आणि उंदीर ही मंडळी हजर होतात. गेली बरीच वर्षे मी ही नाटके पाहतो आणि त्यांच्याविषयी लिहितो. त्यातली काही आवडतात, काही अजिबात आवडत नाहीत.

मुंबईत १९५९ साली सुधा करमरकर यांनी खास मुलांसाठी नाटके करणारी संस्था सुरू केली. त्यांचे पहिले नाटक होते ‘मधुमंजिरी’. ते रत्नाकर मतकरी यांनी लिहिले होते. पुढे मतकरींनी स्वतःची संस्था काढली आणि मुलांसाठी कितीतरी नाटके लिहिली. त्यांचे ‘अलबत्या गलबत्या’ हे नाटक पूर्वी खूप गाजले होते. २०१८ साली ते पुन्हा रंगभूमीवर आले, तेव्हाही मुलांनी गर्दी केली. त्यातली चेटकीण पाहून मुले घाबरतात आणि त्याच वेळी हसतातही. ती भूमिका आधी दिलीप प्रभावळकर यांनी केली होती, नंतर वैभव मांगले यांनी केली. घाबरवता घाबरवता हसवणे सोपे नाही. त्यासाठी नटाला आपला आवाज नेमका कुठे चढवायचा आणि कुठे उतरवायचा, हे कळावे लागते.

इथेच माझी पहिली तक्रार आहे. उन्हाळ्यातली पुष्कळ नाटके फार गोंगाट करतात. ध्वनिमुद्रित संगीत इतके मोठे असते, की संवाद ऐकूच येत नाहीत. मध्येच एखादे सिनेमाचे गाणे लागते आणि राक्षससुद्धा नाचू लागतो. नट विचारतो, “मजा येते ना?” मुले ओरडतात, “हो!” मुले ओरडली म्हणजे नाटक रंगले, असे काही निर्मात्यांना वाटते. मला तसे वाटत नाही. गोष्ट चांगली असेल तर पाच वर्षांचे मूलही श्वास रोखून शांत बसते. असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

निर्मात्यांचीही बाजू आहे. नाट्यगृहाचे भाडे, टेम्पोतून न्यायचे नेपथ्य, पोशाख, दिवे, नटांचे मानधन, हा सगळा खर्च सुट्टीच्या थोड्या आठवड्यांत भरून काढायचा असतो. शाळा सुरू झाली की पेट्या बंद! बालनाट्याला बहुधा सकाळची वेळ मिळते. दुपारी मोठ्यांचे नाटक असते, म्हणून शेवटचा पडदा पडताच घाईने सामान हलवावे लागते. अशा धावपळीत तिकीट स्वस्त कसे ठेवणार? पण पाच माणसांच्या घराला ते परवडत नाही, हेही खरेच आहे.

जुहूला पृथ्वी थिएटर आहे. १९७८ साली सुरू झालेले हे नाट्यगृह लहान आहे. प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात, त्यामुळे नटाचा साधा आवाजही सर्वांपर्यंत पोहोचतो. उन्हाळ्यात तिथे मुलांसाठी नाटके आणि शिबिरे होतात. मला ही जागा फार आवडते. मात्र शिबिराची फी भरणे सर्वांना जमत नाही.

आता तुम्ही म्हणाल, दादर, विलेपार्ले, बोरिवली, जुहू ही ठिकाणे आमच्यापासून दूर. आणि नाटक आमच्या भाषेतही नाही. पण मुंबईतली एक जुनी गोष्ट ऐका. ग्रँट रोडजवळच्या एका भागाला लोक ‘पिला हाऊस’ म्हणतात. हे नाव ‘प्लेहाऊस’ म्हणजे नाट्यगृह या शब्दावरून पडले. एकोणिसाव्या शतकात तिथे नाट्यगृहे होती आणि पारशी नाटक मंडळ्या उर्दू नाटके करीत. आगा हश्र काश्मीरी यांच्यासारखे नाटककार अशा मंडळ्यांसाठी लिहीत. आणि मराठी नाटकवाल्यांचा ‘पडदा’ आणि त्यांचा ‘तमाशा’ हे शब्द तुम्हांला कोणी समजावून सांगायला नकोत. तेव्हा नाटक तुम्हांला परके नाही. ते फक्त तुमच्या मोहल्ल्यातून उठून दुसरीकडे गेले आहे.

ते परत आणता येईल. मे महिन्यात महानगरपालिकेच्या शाळांची सभागृहे रिकामी असतात. तिथे व्यासपीठ असते, बसायला सतरंज्या असतात. मदनपुरा, कुर्ला, गोवंडी अशा ठिकाणी सकाळी एक मराठी आणि एक उर्दू नाटक थोड्या पैशांत का दाखवू नये? मराठी पुस्तकातून शिकता येते. पण माणसे भांडताना, रुसताना, थट्टा करताना कशी बोलतात, हे नाटकात पटकन समजते. (माझा हा पाठ वाचण्यापेक्षा ते जास्त मजेचे आहे, हे मी कबूल करतो.)

“तिथे दिवे नाहीत, नेपथ्य मावत नाही,” असे निर्माते म्हणतील. ठाण्यात मतकरींच्या पुढाकाराने ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू झाला. त्यात झोपडपट्टीतल्या मुलांनी आपल्याच आयुष्यातले प्रश्न घेऊन छोटी नाटके बसवली. तिथे राजवाडा लागला नाही. एखादी ओढणी, एखादी बादली आणि पाठ केलेले संवाद एवढ्यावर ही मुले उभी राहिली. मतकरी २०२० साली गेले. त्यांनी दाखवलेली ही वाट मुंबईच्या निर्मात्यांनी धरावी, असे मला वाटते. शाळांच्या सभागृहांतले पंखे तेवढे दुरुस्त करावे लागतील.