मोठी हार्ड डिस्क नको, दुसरी प्रत हवी

बीडच्या सुभाष रोडवर काय किंवा अंबाजोगाई, माजलगावच्या बाजारात काय, बिघडलेली हार्ड डिस्क बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: किती जीबीची बसेल आणि केवढ्याला? प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. घरातला संगणक मुलाच्या एमएस-सीआयटीसाठी घेतलेला असतो. पुढे त्यावर महाडीबीटीचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, सातबारा आणि पीक विम्याच्या पावत्या साठतात, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स येतात आणि लग्न-बारशाचे फोटो पडून राहतात. चार-पाच वर्षांनी डिस्क कुरकुरायला लागते. दुकानदार एक टीबीची नवी हार्ड डिस्क पुढे करतो आणि जास्त जागा मिळाली म्हणजे पैसे वसूल झाले, असे वाटून आपण ती घेतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. हातात चार-पाच हजार रुपये असतील, तर ते सगळे एका मोठ्या डिस्कमध्ये घालू नयेत. लहानशी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, घ्यावी आणि उरलेल्या पैशात कागदपत्रांची दुसरी प्रत राहील अशी सोय करावी.

आधी जागेचा हिशोब करू. २५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये साधारण २३८ जीबी दिसते. विंडोज, ऑफिस, ब्राउझर असे नेहमीचे सामान टाकल्यावर १८० जीबी तरी मोकळी उरते. सातबाऱ्याची किंवा गुणपत्रिकेची पीडीएफ अर्धा एमबीची धरली, तर एवढ्या जागेत साडेतीन लाखांहून जास्त फायली मावतात. सरकारी संकेतस्थळे तर फोटो आणि सही आणखी लहान करून मागतात, तेवढ्यासाठी निम्मा तालुका झेरॉक्सच्या दुकानात रांग लावतो! फोनवरचा एक फोटो चार एमबीचा धरला तरी ४५ हजार फोटो बसतील. म्हणजे सर्वसाधारण घराला जागेची अडचण नाही. जागा जाते ती सिनेमांनी, आणि ते आता बहुतेक जण फोनवरच पाहतात.

घराची खरी तक्रार असते ती संगणक सुरू व्हायला पाच-दहा मिनिटे लागतात ही. त्याचे कारण डिस्कच्या रचनेत आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पूर्ण करायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय डोके योग्य जागी सरकायला वेळ लागतो तो वेगळाच. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे म्हटले, तर साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपास तुकडेच उचलू शकते. विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान तुकड्यांची मागणी एकदम होते. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने हेच काम ती सेकंदाला हजारोंच्या संख्येने करते. आठ-दहा वर्षांपूर्वीचा आय-३ संगणक एसएसडी बसवल्यावर नवा वाटू लागतो तो यामुळे. प्रोसेसर होता तिथेच आहे, फक्त त्याची खोळंबून राहण्याची वेळ संपली. जुन्या मदरबोर्डचा साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायची जागा, निम्म्या वेगाचा असला तरी हा फरक टिकतो. म्हणून अशा संगणकासाठी साधी अडीच इंची साटा एसएसडी पुरे. महागड्या एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीचा आग्रह धरू नये, जुन्या बोर्डावर बहुतेकदा तिची खाचच नसते.

यावर हमखास येणारी हरकत अशी की हार्ड डिस्क जाण्याआधी आवाज करते, इशारा देते. एसएसडी मात्र न सांगता एकदम बंद पडते आणि सगळे घेऊन जाते. शिवाय तिच्यावर लिहून लिहून ती झिजते म्हणतात. झिजेची भीती घरापुरती सोडून द्यावी. क्रुशलच्या बीएक्स५०० या स्वस्त २४० जीबी एसएसडीवर कंपनीने ८० टीबी लिखाणाचे आयुष्य सांगितले होते. रोज दहा जीबी लिहिले, आणि घरी एवढे कोण लिहितो, तरी ते संपायला जवळजवळ २२ वर्षे लागतील. इशाऱ्याची गोष्ट मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या केंद्रांतल्या एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, तिच्यातल्या चार सर्वांत भरवशाच्या खुणांपैकी एकही खूण बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये दिसली नव्हती. तापमान वगळून बाकी सगळ्या खुणा धरल्या, तरी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्क काहीच न सांगता गेल्या. तेव्हा हार्ड डिस्क इशारा देते हे अर्धेच खरे आहे, आणि या अर्ध्या सत्याच्या भरवशावर दहावी-बारावीची कागदपत्रे ठेवण्यात शहाणपण नाही.

दुसरी हरकत आपल्या जिल्ह्याची आहे. परळीला औष्णिक वीज केंद्र असले तरी गावागावांत लाइट येते-जाते आणि व्होल्टेज वर-खाली होते. अमेरिकेतली बॅकब्लेझ ही साठवण कंपनी आपल्या हार्ड डिस्कचे आकडे नियमित जाहीर करते. वर्षाला बंद पडणाऱ्या डिस्कचे प्रमाण तिच्याकडे अलीकडे दीड टक्क्याच्या आसपास आहे. पण ते वातानुकूलित, अखंड विजेच्या दालनातले प्रमाण आहे. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत, पारा चाळिशीच्या पुढे असताना चालणाऱ्या संगणकाला ते जसेच्या तसे लावता येणार नाही. अचानक लाइट जाण्याचा धोका एसएसडीलाही आहेच. २०१३ मध्ये संशोधकांनी १५ एसएसडींची वीज मुद्दाम तोडून पाहिली, तेव्हा त्यांतल्या १३ मध्ये काही ना काही बिघाड दिसला. याचा अर्थ एसएसडी घेऊ नका असा नाही, त्याच चाचणीत हार्ड डिस्कही पूर्ण निर्दोष ठरली नव्हती. याचा अर्थ असा की यूपीएसची मेलेली बॅटरी बदलणे हा डिस्कच्याच खर्चाचा भाग समजावा. त्या बॅटरीवर केलेला खर्च डिस्कच्या जास्तीच्या ५०० जीबीपेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

पण यूपीएस असो की नामवंत ब्रँड, एकाच ठिकाणी असलेली माहिती एक दिवस जाणारच असे धरून चालावे, आणि खर्चाची खरी वाटणी इथे ठरते. वॉरंटीत कंपनी डिस्क बदलून देते, तिच्यातली माहिती देत नाही. ती परत मिळवायला पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत डिस्क पाठवावी लागते आणि तिथला खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट होऊ शकतो, तोही यशाच्या खात्रीविना. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सिंदफणा नदीचे पाणी काठच्या गावांत शिरले. अशा वेळी टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला सीपीयू आणि त्याच टेबलाच्या खणातला पेन ड्राइव्ह एकदमच भिजतात. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली हवी, मग ते बहिणीचे सासर असो की शेजारच्या गावातल्या मामांचे घर. जुनी हार्ड डिस्क फक्त मंदावली असेल आणि धड असेल, तर ती केसिंगमध्ये घालून दुसऱ्या प्रतीसाठी वापरता येते. लॅपटॉपच्या डिस्कला साधे यूएसबी केसिंग चालते, डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला मात्र वेगळा अडॅप्टर असलेले केसिंग लागते. डिस्क कुरकुरत असेल तर तिच्यावर विसंबू नये, कागदपत्रांपुरता चांगला पेन ड्राइव्ह घ्यावा आणि निवडक फायली गूगलच्या १५ जीबी मोफत जागेतही टाकाव्यात. कपाटात वर्षानुवर्षे बंद ठेवायची प्रत मात्र फिरत्या हार्ड डिस्कवर असणे बरे. एसएसडीतली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. उद्योगाचे प्रमाण एवढेच सांगते की आयुष्य संपत आलेल्या घरगुती एसएसडीने वीज बंद असताना ३० अंश तापमानात वर्षभर माहिती टिकवावी. नवी एसएसडी त्याहून पुष्कळ जास्त टिकवते, पण आपल्याकडचे कपाट ३० अंशांवर थांबत नाही.

‘मग जुन्या बाजारातली मोठी डिस्क स्वस्तात घेतली तर?’ हा मोह बजेट कमी असले की सर्वांत आधी होतो. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून काढलेल्या, अनेक वर्षे रात्रंदिवस फिरलेल्या डिस्क पुसून-पासून विकल्या जातात. तब्येतीची नोंदही कोरी करून मिळते. जर्मनीत २०२५ च्या सुरुवातीला उघड झाले, की सीगेटच्या हजारो तास वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या जात होत्या. नेहमीची नोंद पुसलेली होती, पण डिस्कच्या आतल्या दुसऱ्या नोंदीने खरे वय सांगितले. तिथल्या ग्राहकाची ही गत, तर पक्क्या बिलाशिवाय घेतलेल्या डिस्कचे काय? बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्यावा आणि तो दुकानातच कंपनीच्या संकेतस्थळावर घालून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते पाहावे. याला दोन मिनिटे लागतात आणि प्रामाणिक दुकानदाराला त्याचा राग येत नाही. अनोळखी नावाच्या, अविश्वसनीय स्वस्त ‘१६ टीबी’ वस्तू ऑनलाइन दिसल्या तर पुढे सरकावे.

भाव उतरण्याची वाट पाहावी का? २०२३ च्या सुमारास २४० जीबीची एसएसडी दीड-दोन हजारांत मिळत होती, म्हणून आताचा भाव टोचतो. २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि किमती चढल्या. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. २०११ मध्ये थायलंडच्या पुरात कारखाने बुडाले तेव्हा हार्ड डिस्कही अशाच महागल्या होत्या आणि भाव खाली यायला बराच काळ गेला. मरणपंथाला लागलेली डिस्क एवढा काळ थांबत नाही. भाव चढा असेल तर लहान डिस्क घ्या, पण दुसऱ्या प्रतीचे पैसे कापू नका. जास्त जागेची गरज फोटो स्टुडिओवाल्यांना आणि लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांना आहे, त्यांनी टीबीची हार्ड डिस्क जरूर घ्यावी. मात्र तीही एक नव्हे, दोन.

राहिला विंडोजचा प्रश्न. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि जुने प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. म्हणून काही जण म्हणतात, जुन्या संगणकावर पैसेच घालू नका. पण एसएसडी काढून पुढच्या संगणकात लावता येते, तो खर्च बुडत नाही. फक्त अभ्यास आणि टायपिंगपुरता वापर असेल तर लिनक्सही चालते. बोटांचे ठसे घेणारी यंत्रे किंवा डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्याने मात्र ती लिनक्सवर चालतात का याची आधी खात्री करावी. आणि एक गोष्ट मराठी घरांत हमखास राहून जाते: श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या फायली. फॉन्ट नसेल तर तो सगळा मजकूर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. दुकानदार ‘डेटा काढून दिला’ म्हणतो तेव्हा त्याने डॉक्युमेंट्सचा फोल्डर दिलेला असतो, फॉन्टचा नव्हे. तो मागून घ्यावा.

जुनी डिस्क अजून सुरू होत असेल तर दुकान गाठण्याआधी गुणपत्रिका, जातीचे दाखले, सातबारे आणि फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. टकटक आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका, प्रत्येक वेळी तबकडीला आणखी इजा होऊ शकते.